दोन लॅपटॉपमध्ये मोठा डेटा हलवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५०० जीबी डेटा आहे. सगळ्यात लवकर कशाने जाईल?

दोन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवता येत असतील तर साध्या लॅन केबलने. एक टोक याला, दुसरं त्याला. मधे राऊटर नको, स्विच नको, इंटरनेट तर नकोच. गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसच्या) पोर्टवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ५०० जीबीला सव्वा तास. यूएसबी ३ ची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी देते. पण तिच्यावर डेटा आधी भरायचा आणि मग दुसरीकडे उतरवायचा, म्हणून वेळ दुप्पट लागतो आणि पावणेतीन तास धरावे लागतात. तीच डिस्क चुकून यूएसबी २ च्या पोर्टात लागली तर वेग ३० ते ३५ एमबीवर येतो आणि नुसतं भरायलाच चार तास जातात. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, दोन्ही लॅपटॉप राऊटरजवळ असताना, पाचसहा तास. २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला ५ एमबी मिळाले तर २८ तास, आणि तेही मधे लाईट गेली नाही तर.

इंटरनेट कंपन्या वेग एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) सांगतात, कॉपीच्या खिडकीत मात्र एमबी (मेगाबाईट) दिसतात. एमबीपीएसला आठने भागलं की एमबी निघतात.

वायफाय असताना केबलच्या मागे कशाला लागायचं?

पहिलं कारण वेगाचं. दोन्ही लॅपटॉप वायफायवर असले की प्रत्येक तुकडा आधी राऊटरकडे जातो आणि तिथून त्याच चॅनेलवर दुसऱ्या लॅपटॉपकडे येतो. हवेतला वेळ दोनदा खर्च होतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

दुसरं कारण आपल्या मराठवाड्याचं. लॅपटॉपला बॅटरी असते, राऊटरला नसते. हिंगोली असो की भूम, दुपारी लाईट गेली की दोन्ही लॅपटॉप चालू राहतात आणि राऊटर मात्र बंद पडतो. ४०० जीबीपैकी ३१० जीबी झालेली कॉपी तिथेच तुटते. थेट केबलवर लाईट गेल्याचा काही परिणाम होत नाही, लॅपटॉप बॅटरीवर काम पुढे नेतात. वायफायशिवाय गत्यंतरच नसेल तर राऊटर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, आणि निदान एक लॅपटॉप तरी केबलने राऊटरला जोडा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

ही केबल राऊटरला लावताना मागचे पोर्ट बघून घ्या. बऱ्याच फायबर राऊटरवर एकाच पोर्टाजवळ ‘जीई’ लिहिलेलं असतं आणि बाकीच्यांजवळ ‘एफई’. जीई म्हणजे १००० एमबीपीएस, एफई म्हणजे फक्त १००.

केबल कोणती घ्यायची? क्रॉसओव्हर लागते का?

क्रॉसओव्हरचा, म्हणजे एका टोकाला तारा अदलाबदल करून जोडलेल्या केबलचा, जमाना गेला. गिगाबिट पोर्ट कोणती तार कुठली हे स्वतः ओळखून घेतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची दोनतीन मीटरची तयार पॅच कॉर्ड घ्या, दोनतीनशे रुपयांत मिळते. दुकानात रोलमधून कापून टोकं क्रिंप करून देतात तीही चालते, फक्त आठही तारा लागल्यात का ते टेस्टरवर तपासून मागा. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तार जरी सैल असली तरी केबल बहुधा बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. मग कॉपीचा वेग बरोब्बर ११ एमबीवर अडकतो आणि सव्वा तासाच्या कामाला साडेबारा तास लागतात.

हे ओळखायला सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. ‘लिंक स्पीड’ समोर १०००/१००० हवं. १००/१०० दिसलं तर आधी केबल बदला, बाकीचे उद्योग नंतर.

लॅपटॉपला लॅन पोर्टच नाही.

पातळ लॅपटॉपना हल्ली नसतोच. यूएसबी ते लॅन अडॅप्टर घ्या. खोक्यावर ‘गिगाबिट’ आणि ‘यूएसबी ३.०’ हे दोन्ही शब्द हवेत. स्वस्तातले अडॅप्टर यूएसबी २ चे असतात आणि १०० एमबीपीएसच देतात. दोन्हीकडे पोर्ट नसेल तर दोन अडॅप्टर लागतील.

दोन्ही लॅपटॉपना थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ चा टाईप-सी पोर्ट असेल (शेजारी विजेचं चिन्ह किंवा ४० आकडा असतो) तर त्याच दर्जाच्या केबलने ते थेट जोडता येतात आणि विंडोज त्याला नेटवर्क म्हणून ओळखतं. वेग गिगाबिटच्या कितीतरी पुढे जातो. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेली टाईप-सी केबल मात्र इथे कामाची नाही, तिच्यात बहुतेकदा यूएसबी २ च्याच तारा असतात.

दोन्ही टोकांना चपटी यूएसबी असलेली केबल मिळते. ती लावली तर?

लावू नका. दोन्ही लॅपटॉप आपापल्या पोर्टातून ५ व्होल्ट सोडतात आणि ते एकमेकांवर आदळतात. डेटा तर जात नाहीच, वर पोर्ट जळायची भीती. यासाठी वेगळी ‘ब्रिज’ केबल येते, तिच्या मधोमध डबी असते आणि डबीत चिप. ती चालते, पण तेवढ्या पैशात लॅन अडॅप्टर घेतलेला बरा. तो पुढेही उपयोगी पडतो.

केबल जोडली, पण दोन्ही लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत. पुढे काय?

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून सावकाश घेऊ.

मधे राऊटर नसल्यामुळे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर) वाटणारं कुणी नाही. विंडोज थोडा वेळ वाट बघतं आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतं. त्यावरही काम होतं, पण प्रत्येक वेळी पत्ता शोधत बसण्यापेक्षा हाताने दिलेला बरा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाईप करा. इथरनेटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, पुन्हा प्रॉपर्टीज. जुन्या लॅपटॉपला (ज्यात डेटा आहे) १९२.१६८.५०.१ द्या, नव्याला (जिथे न्यायचाय) १९२.१६८.५०.२. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे सोडा. मधला ५० मुद्दाम घेतलाय: घरचे राऊटर बहुधा ० किंवा १ वापरतात, आणि वायफाय चालू असताना दोन्हीकडे एकच मालिका आली की लॅपटॉप गोंधळतो.

आता जुन्या लॅपटॉपवर एक तात्पुरता लोकल यूजर बनवा आणि त्याला पासवर्ड द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग तासभर ‘पासवर्ड चुकीचा’ वाचत बसतात. रोज लॅपटॉप उघडायला टाकता तो चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही, आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मग हव्या त्या फोल्डरवर उजवी क्लिक, ‘गिव्ह अ‍ॅक्सेस टू’, ‘स्पेसिफिक पीपल’, तो नवा यूजर निवडा आणि समोर ‘रीड’ ठेवा. रीडच. म्हणजे नव्या लॅपटॉपवर बसलेल्याच्या हातून जुन्यातलं काही चुकून उडणार नाही. शेअर नेहमी जुन्यावर करायचं आणि ओढून घ्यायचं नव्यावरून.

नव्या लॅपटॉपवर विंडोज आणि आर दाबून दोन उलट्या तिरक्या रेघा आणि १९२.१६८.५०.१ टाका, अंक इंग्रजी. यूजर आणि पासवर्ड विचारला की जुन्यावर बनवलेला द्या. फोल्डर उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर बहुतेक वेळा फायरवॉल (विंडोजचा पहारेकरी) आड येतो: विंडोज अशा अनोळखी जोडणीला ‘पब्लिक’ समजतं आणि फाईल शेअरिंग बंद ठेवतं. इथरनेटच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट’ करा. तो पर्यायच दिसत नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये पब्लिकखाली ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ तेवढ्यापुरतं चालू करा. काम संपल्यावर बंद करायला विसरू नका. बसस्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर ते चालू राहणं धोक्याचं आहे.

कॉपी-पेस्ट करू की रोबोकॉपी?

वीसतीस जीबी असेल तर कॉपी-पेस्ट पुरे. कट कधीच नाही. कट करून पेस्ट करताना केबल निघाली की अर्धा संसार इकडे, अर्धा तिकडे.

शंभर जीबीच्या वर असेल तर रोबोकॉपी. हा कॉपीचा प्रोग्राम विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘रोबोकॉपी’, मग कुठून, मग कुठे, मग स्विच (तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या सूचना). नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत. (सगळं इंग्रजी अक्षरांतच टाईप करायचं.) ‘/ई’ लावलं की आतली सगळी फोल्डर येतात, रिकामीसुद्धा. ‘/एमटी:१६’ ने एका वेळी सोळा फाईल जातात, बारीक फाईलींचा ढीग असेल तेव्हा याचा खरा फायदा. ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ तर लावाच. हे नसेल तर रोबोकॉपी अडलेल्या फाईलवर दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतो. एकच खराब फाईल, आणि सकाळी उठून बघावं तर गाडी रात्री होती तिथेच.

कॉपी मधेच तुटली तर तीच कमांड पुन्हा चालवा. पोचलेल्या फाईल तो सोडून देतो आणि राहिलेल्याच घेतो. रोबोकॉपी शिकायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

दोन खड्डे आहेत. ‘/एमआयआर’ हे स्विच नेटवर सर्रास सुचवतात, पण ते पोचण्याच्या ठिकाणी असलेलं आणि मूळ ठिकाणी नसलेलं सगळं पुसून टाकतं. नव्या लॅपटॉपवर आधीचं काही असेल तर गेलं. दुसरा खड्डा, आख्खा डी ड्राईव्ह मुळापासून कॉपी केला की नवं फोल्डर बऱ्याचदा लपलेलं होतं. जागा भरलेली दिसते, फोल्डर मात्र कुठेच नाही. त्यासाठी शेवटी ‘/ए-:एसएच’ लावायचं.

सुरुवातीला वेग ११० आणि मधेच ३ एमबी. लॅपटॉप बिघडला का?

नाही, बहुधा बारीक फाईलींचा पट्टा लागला. ४ जीबीचा एक व्हिडिओ आणि १० केबीच्या चार लाख फाईली, आकार साधारण सारखाच, पण दुसऱ्या प्रकारात प्रत्येक फाईल उघडणं, नाव नोंदवणं, बंद करणं हे चार लाख वेळा होतं, आणि अँटीव्हायरस त्यातली प्रत्येक उघडून बघतो. अशा फोल्डरची सेव्हन-झिप या प्रोग्रामने एक फाईल करा, कॉम्प्रेशनच्या जागी ‘स्टोअर’ निवडा. फोटो, व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांना आणखी दाबण्यात नुसता वेळ जातो.

बाहेरून जोडलेल्या डिस्कवर वेग पडत असेल तर कारण वेगळं. पेनड्राईव्ह आणि स्वस्त एसएसडी (थाळीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) सुरुवातीचे काही जीबी वेगवान भागात घेतात, तो भरला की खरा वेग उघडा पडतो. आणि तिसरं कारण ऊन. परभणी-नांदेडात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा बंद खोलीत एनव्हीएमई डबी (वेगवान एसएसडीची पट्टी बसवलेली यूएसबी डबी) हात लावता येणार नाही इतकी तापते आणि जीव वाचवायला वेग कमी करते. तिला गादीवर, उशीवर ठेवू नका. फरशीवर पंख्याखाली ठेवा, मोठं काम पहाटे किंवा रात्री काढा.

डिस्कवर ३०० जीबी जागा आहे, तरी ६ जीबीचा व्हिडिओ ‘टू लार्ज’ म्हणतो.

डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट आहे. तिथे एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. लातूरच्या क्लासचं अडीच तासांचं रेकॉर्डिंग किंवा लग्नाचा एडिट केलेला व्हिडिओ सहज तेवढा भरतो. दोन्हीकडे विंडोज असेल तर एनटीएफएस करा, एका बाजूला मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॉरमॅटने डिस्कवरचं सगळं जातं. एफएटी३२ वरून एनटीएफएसला मात्र विंडोजची ‘कन्व्हर्ट’ कमांड डेटा न पुसता नेते. एक्सफॅट डिस्क ‘इजेक्ट’ न करता ओढली तर तिची यादी बिघडण्याचा संभव एनटीएफएसपेक्षा जास्त.

दोन टीबीचा पेनड्राईव्ह पाचशे रुपयांत मिळतोय. घेऊ का?

नको. आत ३२ किंवा ६४ जीबी असतात आणि चिपला २ टीबी बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की तो लिहिल्यासारखं करतो, एरर देत नाही. घरी जाऊन उघडता तेव्हा फाईलींची नावं दिसतात, आत काही नसतं. आधीच घेतला असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा.

बाय द वे, १ टीबीची खरी डिस्क ९३१ जीबी दाखवते. ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

मराठी नावांच्या फाईलींना काही अडचण येते का?

येते, आणि इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडत नाही. विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो. आपण ‘लग्नाचे’ हा शब्द तीन अक्षरांचा मोजतो. संगणक ल, ग, हलन्त, न, काना, च, मात्रा अशी सात चिन्हं मोजतो. ‘२०१९ मामाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो’ या फोल्डरात ‘हळदीचे निवडक’, त्यात आणखी एक, असं चारपाच पातळ्या गेलं की मर्यादा संपते आणि साधी कॉपी तेवढ्या फाईल सोडून देते. रोबोकॉपी लांब पत्ते घेतो. नाहीतर वरच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं ‘अ’ करून टाका.

दुसरी अडचण फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाईप केलेले जुने अर्ज, पत्रिका, प्रश्नपत्रिका नव्या लॅपटॉपवर उघडल्या की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. फाईल खराब झालेली नसते, फॉन्ट आलेला नसतो. जुन्यावर कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट्समधून ते फॉन्ट कॉपी करा आणि नव्यावर इन्स्टॉल करा. डीटीपीवाल्यांनी, सेतू केंद्रवाल्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं. सहा महिन्यांनी जुना लॅपटॉप हाताशी नसतो.

टॅली, आउटलुक आणि वनड्राईव्ह?

टॅली बंद करून मगच तिचं डेटा फोल्डर उचला, चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघते. लायसन्स जुन्या लॅपटॉपवरून ‘सरेंडर’ करा, मग नव्यावर चालू करा. आउटलुकच्या पीएसटी फाईललाही (तिच्यात मेल साठवलेले असतात) आधी बंद करून मग उचलायचा हाच नियम.

वनड्राईव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाईन साठवणीचा, घोळ वेगळा. फाईलसमोर ढगाचं चिन्ह असेल तर ती लॅपटॉपवर नाहीच, फक्त नाव आहे. कॉपी सुरू केली की विंडोज ती आधी नेटवरून उतरवतं आणि दिवसाचा २ जीबीचा पॅक दहा मिनिटांत संपतो. अशा फाईली कॉपी करू नका, नव्या लॅपटॉपवर त्याच खात्याने लॉगिन करा.

प्रोग्राम फाईल्सचं फोल्डर हलवून काही मिळत नाही. सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागतं.

एक लॅपटॉप नांदेडला, दुसरा संभाजीनगरला. नेटवरून पाठवू?

हिशोब करा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस सलग मिळाला तरी ५०० जीबीला १११ तास, म्हणजे साडेचार दिवस. मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर २५० दिवस. तोच डेटा डिस्कवर भरून कुणाबरोबर रेल्वेने दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोचलेला असतो. वीसपंचवीस जीबीपर्यंत नेट ठीक, पुढे डिस्कच.

प्रवासासाठी फिरत्या थाळीच्या डिस्कपेक्षा एसएसडी बरी, तिला खड्ड्यांचा धक्का लागत नाही. थाळीची असेल तर इजेक्ट करा, फिरणं थांबेपर्यंत दहाएक सेकंद थांबा, टॉवेलात गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत ठेवा. एसटीच्या मागच्या डिकीत नको. आत ग्राहकांचे कागद असतील तर व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामने कुलूप लावा आणि पासवर्ड फोनवर सांगा, डिस्कवर चिठ्ठी चिकटवू नका. डिस्क पोचून डेटा तपासून होईपर्यंत मूळ प्रत इथे तशीच ठेवायची.

जुना लॅपटॉप चालूच होत नाही. डेटा गेला का?

बोर्ड किंवा स्क्रीन गेली असेल तर बहुधा नाही. ड्राईव्ह काढा. अडीच इंची असेल तर साटा ते यूएसबी केबल, च्युइंगगमच्या पट्टीसारखा असेल तर त्याच जातीची डबी (एनव्हीएमई आणि साटा दिसायला जवळपास सारखे, डबी वेगळी). नव्या लॅपटॉपला लावलं आणि ४८ आकडी किल्ली मागितली तर तो बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राईव्हवरचं कुलूप, आहे. किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात ‘रिकव्हरी की’ खाली मिळते. खातंच आठवत नसेल तर डेटा आत असूनही हाती येणार नाही, म्हणून लॅपटॉप धडधाकट असतानाच ती किल्ली वहीत उतरवून ठेवा.

ड्राईव्हमधून टकटक आवाज येत असेल तर एकदाही कॉपी करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला थाळी आणखी खरवडते. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

सगळं आलंय हे कसं ओळखायचं?

दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. फाईलींची संख्या आणि ‘साईझ’ समोर कंसातला बाईट्सचा आकडा जुळला पाहिजे. त्याखालचा ‘साईझ ऑन डिस्क’ जुळला नाही तरी चालतं, तो फॉरमॅटवर अवलंबून असतो. जमिनीची कागदपत्रं, हिशोब, कामाचे कच्चे व्हिडिओ असतील तर टेराकॉपी या कॉपीच्या प्रोग्रामात ‘व्हेरिफाय’ लावा, ते प्रत्येक फाईल पुन्हा वाचून ताडून बघतं. वेळ जवळपास तेवढाच पुन्हा लागतो.

रात्री लावून झोपलो, सकाळी अर्धंच झालेलं.

लॅपटॉप झोपला. दोन्हीवर पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, बॅटरीवर आणि चार्जरवर असं दोन्हीसाठी. झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’. विंडोज अपडेट आठवडाभर पॉज करा, नाहीतर पहाटे तीनला ते स्वतःच रीस्टार्ट मारतं. चार्जर दोन्हीला लावलेले हवेत.

जुना लॅपटॉप कधी विकू?

निदान महिनाभर थांबा. राहिलेलं फोल्डर कोणतं ते जीएसटी रिटर्नच्या किंवा अ‍ॅडमिशनच्या दिवशीच आठवतं. मग ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि त्यातल्या ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू. नुसतं डिलीट करून दिलेल्या लॅपटॉपातून फोटो परत काढणं कुठल्याही रिपेअरवाल्याला अवघड नाही. रीसेट व्हायला थाळीच्या डिस्कवर कित्येक तास लागू शकतात, गिऱ्हाईक दारात उभं असताना सुरू करू नका.